चोवीस व्होल्ट आणि हजार पिल्लं

रायगड जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की बार्शीत लोक समुद्राबद्दल विचारतात. मी समुद्र पाहिला नाही. किल्लाही पाहिला नाही. मी खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतले उतार पाहिले, आणि ते इतके बारकाईने पाहिले की आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनासुद्धा तेवढे माहीत नसतील. कारण मी माझ्या मेहुण्याच्या ट्रकमधून फिरत होतो.

रामदास हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. खालापूरजवळच्या एका गावात त्याची थोडी भातशेती आहे आणि एक जुना ट्रक आहे. एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे आठ दिवस राहायला गेलो, तर दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "मास्तर, उद्या माझ्यासंगं चला. कशेळ्याच्या वर डोंगरात खेप हाय. मुलूख बघून व्हईल." निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं मी बार्शीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दहावीला वीज हा धडा तर माझ्याशिवाय कोणी घ्यायचा नाही असा दंडकच होता. त्यामुळे रामदासच्या तोंडी 'मास्तर' हा शब्द मला फार गोड लागतो.

सकाळी साडेसहाला बाहेर आलो. घरापुढे तीन ट्रक मावतील एवढं सपाट अंगण, आणि ट्रक मात्र गल्लीच्या उतारावर, तोंड खाली करून, चाकाखाली धोंडा लावून उभा. काय देखणा दिसत होता! महिन्यापूर्वीच त्याचं पासिंग (गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे की नाही याची सरकारी तपासणी) झालं होतं आणि त्यासाठी रामदासने तो वरपासून खालपर्यंत रंगवला होता. केबिन केशरी, फळ्या निळ्या, आणि खालचा सांगाडा काळाभोर, चकचकीत. सांगाड्याला त्याने स्वतः दोन हात मारले होते.

"मास्तर, धोंडा काढा आन् लगेच वर चढा," तो आतून ओरडला.

मी धोंडा काढला. ट्रक निघाला. मी खालीच. वयाच्या साठीला चालत्या ट्रकच्या मागे धावण्याचा आणि दाराचा दांडा पकडून लोंबकळण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता, तो असा आला. गल्ली संपता संपता रामदासने गिअर टाकून क्लच सोडला, ट्रकने एक गचका दिला, धूर सोडला आणि इंजिन सुरू झालं. माझी एक चप्पल गल्लीतच राहिली, ती बहिणीने संध्याकाळी आणून ठेवली. पुढचा सगळा प्रवास मी एका पायाने शहरी आणि एका पायाने अनवाणी केला.

"स्टार्टर का नाही मारत?" मी श्वास घेत विचारलं.

"मारला का कट् करतो नि गप् बसतो. महिना झाला. बॅटऱ्या बदलल्या, दोनी नव्या हायेत. डायनामो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) दोनदा खोलला. नायच."

तेव्हापासून रामदासचं आयुष्य उतारांनी ठरत होतं. इंजिन एकदा बंद झालं की उतारावर तोंड खाली करून उभं राहिल्याशिवाय ते सुरू व्हायचं नाही. म्हणून त्याने चहाची टपरी बदलली, न्हावी बदलला, आणि ज्यांच्या दारात उतार आहे तेवढ्याच नातेवाइकांकडे तो महिनाभर जात होता. एका सख्ख्या आत्याचं घर सपाटीवर आहे, ती रुसून बसली आहे. एक्स्प्रेसवेवरून हजारो गाड्या तासाभरात पुण्याला पोचतात, आणि त्याच तालुक्यात हा माणूस चहा पिण्याआधी जमिनीचा कल बघतो, याची मला मोठी गंमत वाटली.

खालापुरात आम्ही एका हॅचरीच्या (अंडी उबवून पिल्लं काढतात त्या जागेच्या) फाटकाशी पोचलो. फाटकावर पाटी होती, 'आत येताना इंजिन बंद करावे.' वॉचमन पाटीकडे बोट दाखवत राहिला, रामदास ट्रककडे. शेवटी ट्रक बाहेर गुरगुरत उभा राहिला आणि माल हातांनी बाहेर आला. नियमही पाळला गेला. खाद्याच्या गोण्या आणि शेडचे पत्रे आदल्या दिवशीच चढले होते. आता भोकं पाडलेली दहा खोकी आली, प्रत्येकात शंभर, एका दिवसाची पिल्लं. कान लावला तर आतून बारीक चिवचिवाट यायचा.

"चालती गाडी असंल तोवर वारा लागतो," तिथले मॅनेजर म्हणाले. "उन्हात उभी करू नका. दहाच्या आत पोचवा."

रस्त्याला लागल्यावर रामदासने मला सगळं सांगितलं. कशेळ्याच्या वरच्या एका ठाकरवाडीतल्या अकरा बायांनी कोंबडीपालनाचा गट काढला होता. गेल्या वर्षी त्यांची पहिली खेप दुसऱ्या कुणाच्या टेंपोतून गेली. टेंपोवाला जेवायला थांबला आणि निम्म्याहून जास्त पिल्लं मेली. सरकारी साहेबाने या वर्षी पुन्हा मंजुरी दिली, पण बजावून सांगितलं, ही खेप गेली तर गट बंद, शेडही दुसऱ्या गावाला. "गटाची चांगुणाताई सोता घरी आली व्हती," रामदास म्हणाला. "म्हनली, भाऊ, तूच घेऊन ये, तू थांबत नायस. आता मी थांबत नाय ते कशापायी, ते तिला कुटं ठावं?"

एवढं बोलून तो हसला, पण स्टीअरिंगवरची मूठ सैल झाली नाही.

पळसदरीच्या बाजूने कर्जतकडे जाताना डावी-उजवीकडे डोंगर होते, झाडं वाळलेली, पळसाची फुलं गळून गेलेली, मधेच एखादा आंबा. मी वहीत टिपून घेत होतो. कर्जतच्या अलीकडे ॲक्सिलरेटरचं पेडल एकदम लुळं पडलं. इंजिन चालू, पण ट्रक वेग घेईना. रामदासने बाजूला घेतला, खाली वाकला आणि हात झटकला. "आयला, भाजलं! केबल तापून तुटली. ही तिसरी महिन्यात." नवी केबल त्याच्या सीटखाली तयार होतीच. इंजिन चालू ठेवून दहा मिनिटांत त्याने ती बसवलीही.

मी तुटलेली केबल हातात घेतली. गरम होती, वरचं आवरण वितळलेलं. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. "घर्षण," मी सांगितलं. "पेडल सारखं दाबल्याने घर्षण होतं, घर्षणाने उष्णता. सातवीच्या पुस्तकात आहे."

"असंल," रामदास म्हणाला. "चला."

"असं कसं चला? आधी केबल, मग बॅटरी, मग आणखी काही. मूळ कारण शोधल्याशिवाय पुढे जाणं अशास्त्रीय आहे. कर्जतला कोणी चांगला इलेक्ट्रिशियन असेल ना?"

"हाय. पन आदी खेप टाकू, येताना दावू."

मी ऐकलं नाही. मोठा मेहुणा, त्यात पाहुणा, त्यात मास्तर. रामदासने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा त्याला म्हणता आलं नाही. त्याने ट्रक कर्जतच्या बाजारात नेला.

गाड्यांच्या वायरिंगचं दुकान नानांचं. नाना साठीचे, खिशात टेस्टर, कानावर बिडी. दुकानात समोरच खिळ्याला एक पिवळा मीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) टांगलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, वर वाळलेला झेंडूचा हार. मी आनंदाने म्हणालो, "मीटर आहे तुमच्याकडे!"

"हाय तर. दसऱ्याला पूजा करतो. त्याचा सेल गेलाय दोन वर्सं झाली." मग त्यांनी अभिमानाने हात पुढे केला. "आपल्याला लागत नाय. हा हात सांगतो."

हात सांगायला लागला. नानांनी आधी हॉर्न वाजवून त्याच्या सुरावरून निदान केलं. मग एक वायर बॅटरीच्या दोन टोकांवर घासून ठिणगी पाडली. "करंट तर बख्खळ हाय!" मग इंजिन बंद करायला लावलं, कारण डायनामोचा पट्टा बघायचा होता. रामदास म्हणाला, "नाना, हितं सपाट हाय." नाना म्हणाले, "माज्या दारात बंद पडली गाडी असं कधी झालंय?" इंजिन बंद झालं, आणि नानांच्या दारात असं पहिल्यांदाच झालं.

आता माणसं जमली. आपल्याकडे गाडी बंद पडली की निदानाला माणसं पैसे न घेता येतात. एक म्हणाला, बॅटरीत पाणी टाका. दुसरा म्हणाला, नव्या बॅटऱ्या सगळ्या अशाच, जुनं ते जुनं. शेअर जीपचा एक ड्रायव्हर म्हणाला, वायर उंदराने खाल्ली असणार, आणि उंदराला पकडण्याच्या दोन पद्धती सांगितल्या. या गोंधळात शास्त्राची बाजू मांडणं मला भाग होतं. बॉनेटवरच्या धुळीत मी बोटाने ओहमचा नियम लिहिला. दाब बरोबर प्रवाह गुणिले रोध. दोन बॅटऱ्या बारा-बारा व्होल्टच्या, एकामागे एक जोडल्या की चोवीस. चार्ज होताना अठ्ठावीसच्या आसपास हवेत. लोक माना डोलवत होते. नानांनीसुद्धा बिडी पेटवून ऐकलं. मला शाळेतला तो तास आठवत होता, पहिल्या बाकावरची पोरं, खडूचा वास.

रामदास ऐकत नव्हता. तो मागे फळीवर चढून रिकाम्या गोणीने खोक्यांना वारा घालत होता. मला वाटलं, या माणसाला मुळात जिज्ञासाच नाही.

नानांचा निकाल लागला तो असा: डायनामो कमजोर आहे, पुढच्या आठवड्यात मुंबईहून सामान येईल. बॅटरीत पाणी टाकलं. सव्वा तास गेला. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. जीपमधले प्रवासी उतरले, भाजीवाले आले, पंधरावीस जणांनी ट्रक ढकलला आणि तो सुरू झाला. एकाने शेवटचा सल्ला धावता धावता दिला, तो ऐकू आला नाही.

कशेळ्याच्या बाजारात आम्ही थांबलो नाही. तिथे उतार होता, पण वेळ नव्हता. चालत्या ट्रकच्या बाजूने एका बाईने पानाच्या द्रोणात करवंदं वर केली, मी ती घेतली आणि पैसे खाली टाकले, असा तो व्यवहार. करवंदं आंबटगोड होती. रामदासने एकही खाल्लं नाही. तो आरशातून मागे बघत होता.

वाडीचा रस्ता कच्चा. शेवटच्या किलोमीटरवर एक कोरडा ओहोळ आडवा येतो. ट्रक ओहोळात उतरला आणि समोरून लग्नाची माणसं भरलेली जीप आली. मागे घ्यायचं कोणी, यावर दोन मिनिटं हॉर्न झाले. तेवढ्यात आमचं इंजिन बंद पडलं. पुढे चढ, मागे चढ. रायगड जिल्ह्यातला असा एकच खड्डा असेल जिथून कुठेही उतार नाही, आणि आम्ही बरोबर त्यात होतो. रामदासने स्टार्टर मारला. कट्. पुन्हा मारला. कट्. त्याने डोकं स्टीअरिंगवर टेकलं.

"चांगुणाताईला काय सांगू, मास्तर?" तो म्हणाला. मागून चिवचिवाट येत होता, पण सकाळपेक्षा बारीक.

जीपमधल्या एकाने वाडीत फोन केला. वीस मिनिटांत बाया आल्या, दहाअकरा जणी, झपाझप. पुढे एक चाळिशीची, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली. हीच चांगुणाताई. तिने कोणालाही काही विचारलं नाही. "खोकी सावलीत घ्या आन् चला," एवढंच म्हणाली. बायांनी एकेक खोकं डोक्यावर घेतलं आणि चढ चढून गेल्या. ती मागे राहिली.

"काय झालं रं, भाऊ?"

रामदासने सांगितलं. स्टार्टर, बॅटऱ्या, डायनामो, केबल. केबलचं ऐकल्यावर ती थांबली. "केबल तापली? हाताला भाजलं?" मी पुढे होऊन म्हणालो, "घर्षण." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या एका चपलेकडे पाहिलं, आणि खांद्यावरची कापडी पिशवी उघडली. आत मीटर होता. तारांचं आवरण झिजलेलं, बटणावरचे आकडे पुसलेले.

ही बाई वाडीतले सौरदिवे आणि पाण्याचा सौरपंप सांभाळते. सहा महिने कुठे तरी शिकून आली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त बघत राहिलो.

तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "भाऊ, मार स्टार्टर." कट्. "बघा मास्तर," ती म्हणाली, आणि मीटर माझ्यासमोर धरला. नऊ व्होल्ट. "हितं काय बी दिसाया नको. जवळजवळ शून्य. नऊ दाखवतोय, म्हंजी बॅटरीची ताकद वाटंतच मरतेय. स्टार्टरपत्तुर पोचतच नाय."

ती ट्रकखाली शिरली. आतून आवाज आला, "अर्थची पट्टी (इंजिन आणि सांगाडा जोडणारी तांब्याची पट्टी) हितं सांगाड्याला बसवलीया. हितं रंग कुनी मारला?"

"मीच," रामदास म्हणाला. "पासिंगला."

"पट्टी सोडून, खाली रंग मारून, परत आवळली?"

"व्हय. नीट काम करावं म्हनून. दोन हात मारले." एवढा सज्जन चेहरा मी क्वचित पाहिला आहे. दुसरा कोणी आळशी माणूस असता तर त्याने पट्टीवरूनच कुंचला फिरवला असता आणि ट्रक चालू राहिला असता.

"लोखंडाला लोखंड भेटलंच नाय मग," ती म्हणाली. "करंटला माघारी जायला वाट पायजे. ही वाट बंद केली, म्हून तो तुझ्या केबलीतनं जात व्हता. एवढीशी केबल, तापनारच. आन् डायनामो बिचारा चार्ज करतोय, ते बॅटरीला मिळत नाय."

पाना आणि कानस रामदासच्या पेटीत होती. पट्टी सुटली, खालचा काळाभोर रंग घासून निघाला, लोखंड चमकलं, पट्टी पुन्हा आवळली. दहा मिनिटंही लागली नाहीत. "मार." स्टार्टर आधी कण्हला, मग फिरला, आणि ट्रक त्या खड्ड्यात, सपाटीवर, कोणी न ढकलता सुरू झाला. लग्नाच्या जीपमधून टाळ्या पडल्या. तिने मीटर आता बॅटरीवर लावला. सत्तावीस पूर्णांक आठ.

बॉनेटवरचा ओहमचा नियम अजून पुसला गेला नव्हता. मी तो बाहीने पुसला.

वाडीत पोचलो तेव्हा बायांनी पिल्लं शेडमध्ये सोडली होती आणि एकेकाची चोच गूळपाण्यात बुडवत होत्या. दोन खोक्यांतली मेलेली पिल्लं बाजूला एका फडक्यावर ओळीने ठेवलेली होती. चांगुणाताईने ती मोजली. त्रेसष्ट.

"कुटं थांबला व्हतास?" तिने रामदासला विचारलं.

"कर्जतला. जराशीक." तो पायाने माती उकरत होता. महिनाभर जो माणूस कुठे थांबला नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला लाज वाटली, साफ लाज वाटली.

"मी थांबवलं," मी म्हणालो. "सव्वा तास. त्याने नको म्हटलं होतं."

ती फडक्याकडून शेडकडे वळली. मग म्हणाली, "बाकीची पीत हायेत. खेप टिकंल. साहेबाला तेवढं दावता यील." एक म्हातारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. तिथे घास नाकारायची सोय नव्हती. मी सगळं खाल्लं.

निघताना चांगुणाताईने सहज विचारलं. टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता, हे मला अजूनही पटतं. "मास्तर, ह्यो मीटर तुमच्या शाळंत असंल ना? आमच्या पोरीच्या शाळंत हाय म्हंतात, पन बघितला नाय तिनं कवा."

"आहे," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर रामदासने कशेळ्याच्या बाहेर, अगदी सपाट मैदानात ट्रक थांबवून इंजिन बंद केलं आणि आम्ही आरामात चहा प्यालो. तो खूश होता. रुसलेल्या आत्याकडे रविवारी जाऊ, म्हणाला.

बार्शीला आल्यावर दोन दिवसांनी मी शाळेत गेलो. हेडमास्तर माझेच विद्यार्थी. त्यांनी चहा मागवला, अर्ज लिहून घेतला, साठा-नोंदवही मागवली आणि प्रयोगशाळेचं कपाट उघडायची परवानगी दिली. खालच्या कप्प्यात सरकारकडून आलेले सहा मीटर होते, कारखान्यातून आले तसेच, खोक्यात, प्लास्टिकमध्ये. वरच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मुलांनी हात लावू नये.' आतले सेल फुटून हिरवे झाले होते. हेडमास्तर हळहळले आणि म्हणाले, सर, तुम्ही किती जपून ठेवलं होतं सगळं. त्या कपाटाची किल्ली एकतीस वर्षं माझ्याच खिशात होती.